मुंबई किती घरांत मावते?

शब्दकोडे सोडविण्याची आवड मला शाळेपासूनची. माझगावच्या सर इली कदुरी शाळेत मी मराठीत शिकले. १९७६ साली दहावी झाले, आईवडिलांबरोबर इस्राएलला आले आणि पुढे सारे आयुष्य नर्सची नोकरी केली. निवृत्त झाल्यापासून सकाळच्या चहाबरोबर हिब्रू वर्तमानपत्रातले एक कोडे सोडवायचे, हा माझा नेम. गेल्या वर्षी लेकीकडे जपानात, कोबे शहरात, तीन महिने राहिले. तेव्हा हा नेम मोडणार असे वाटले होते. झाले उलटेच.

जपानात पुस्तकांच्या दुकानांतून कोड्यांच्या मासिकांची फळीच्या फळी भरलेली असते. माझ्या दहा वर्षांच्या नातवाने मुलांसाठी असलेले एक मासिक आणले आणि म्हणाला, "आजी, रोज एक सोडवू." तो घरी हिब्रू आणि शाळेत जपानी बोलतो. सूचक वाक्य वाचून मला हिब्रूत सांगणे त्याच्याकडे. (या वाक्यांना जपानीत 'कागी' म्हणजे किल्ली म्हणतात.) घरे भरण्यापुरती अक्षरे मात्र मी शिकून घेतली.

कोडी काताकाना लिपीत भरतात. मूळ अक्षरे शेहेचाळीस. ती शिकताना मला गंमत वाटली, कारण त्यांचा क्रम ओळखीचा निघाला! आधी स्वर: आ, इ, उ, ए, ओ. मग क, स, त, न, ह, म, य, र, व. जाणकार सांगतात की 'स'च्या जागी पूर्वी 'च'सारखा आणि 'ह'च्या जागी 'प'चा उच्चार होता. तसे धरले की आपली बाराखडीच! बौद्ध भिक्षूंबरोबर संस्कृत वर्णमालेचे ज्ञान तिकडे गेले, त्याचा हा ठसा. मुळाक्षरे घोकून पाठ केलेल्या माणसाला जपानी शब्दकोश उघडून शब्द कुठे असेल याचा अंदाज येतो. माझ्या लेकीला तो येत नाही, मला येतो!

शब्दकोड्याचा जन्म २१ डिसेंबर १९१३ चा. न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रात आर्थर विन यांनी पहिले कोडे छापले. त्यात एका घरात एक इंग्रजी अक्षर होते. पण 'एक अक्षर' म्हणजे काय, याचे उत्तर प्रत्येक भाषा आपापल्या परीने देते. आपण काना, मात्रा, वेलांटीसकट एक घर भरतो. 'मुंबई' आपल्याकडे तीन घरांत मावते: मुं-ब-ई. जपानीत अनुस्वारालाही स्वतंत्र घर लागते, म्हणून मु-न्-बा-इ, चार घरे. हिब्रूत स्वर बहुधा लिहीत नाहीत, तरी परक्या गावाचे नाव म्हणून ते दाखवावे लागतात आणि मुंबईला सहा घरे लागतात. उलट आपण टो-कि-यो तीन घरांत आटोपतो, तर जपानी माणूस आपल्या राजधानीला पाच घरे देतो.

उलटसुलट सारख्या वाचता येणाऱ्या शब्दांचेही तसेच. शाळेत आपण 'रामाला भाला मारा' म्हणत असू. नातवाने सांगितले, जपानीत 'तोमातो' दोन्हीकडून सारखाच. मी म्हटले, आमचा टोमॅटोसुद्धा! मग याद्या सुरू झाल्या. जपानीत आई 'हाहा', वडील 'चिचि'. मराठीत बाबा, काका, मामा. हिब्रूत 'अबा' आणि 'इमा' ही दोन्ही आलेफने सुरू होऊन आलेफनेच संपतात. घरची माणसे कुठल्याही बाजूने वाचा, ती तीच.

माझ्यातल्या नर्सला रस वाटला तो निराळ्याच श्लेषात. जपानीत चार म्हणजे 'शि', आणि मृत्यूही 'शि'. नऊ म्हणजे 'कु', आणि यातनाही 'कु'. म्हणून तिथल्या अनेक इस्पितळांत चार आणि नऊ नंबरच्या खोल्या नसतात. रोग्याला भेटायला जाताना कुंडीतले रोप नेऊ नये. 'मूळ धरणे' आणि 'अंथरूण धरणे' या दोहोंना शब्द एकच, 'नेत्सुकु'. हसण्यासारखे यात काही नाही. आपण तरी बांगडी फुटली न म्हणता वाढली म्हणतो आणि निघताना 'जाते' न म्हणता 'येते' म्हणतो. हिब्रूत पंधरा लिहिताना दहा अधिक पाच न करता नऊ अधिक सहा करतात, कारण दहा आणि पाचाच्या अक्षरांतून परमेश्वराचे नाव उमटते. तू बिश्वातमधला 'तू' तो हाच.

शब्बाथला पेन्सिल हातात घ्यायची नाही, म्हणून त्या दिवशी तोंडी खेळ. आपल्या भेंड्यांसारखाच जपानी 'शिरितोरि': शेवटच्या अक्षरावरून पुढचा शब्द. ज्याच्या शब्दाच्या शेवटी 'न्' येईल तो हरला, कारण त्या अक्षराने जपानी शब्द सुरू होत नाही. मी म्हटले, एक डाव मराठीत खेळू. 'ळ' किंवा 'ण' आला की हार. नातू पहिल्या दिवशी 'बाळ' म्हणून हरला. तिसऱ्या शब्बाथला त्याने 'नाक' म्हटले, मी 'कमळ' म्हणून मुद्दाम हरले. महिन्याभरात त्याचे साठेक शब्द झाले.

हा खेळ मी इतक्या चिकाटीने का खेळले, तेही सांगते. इस्पितळात असताना आपल्या समाजाच्या म्हाताऱ्या बायका यायच्या. तीस-चाळीस वर्षे इस्राएलमध्ये काढलेल्या, बाजारहाट हिब्रूत करणाऱ्या. स्मृतिभ्रंश झाला की हिब्रू आधी जायची, मराठी राहायची. "पाणी दे गं," म्हणायच्या, आणि शेजारी बसलेल्या नातवंडांना ते कळत नसे. मग दुसऱ्या वॉर्डातून मला बोलावणे यायचे. शब्दकोडी सोडवून हा आजार टळतो, असे मी नर्स म्हणून कुणालाही सांगणार नाही. माझी पाळी आली तर 'पाणी', 'उशी', 'दुखतंय' हे शब्द ओळखणारे कुणी जवळ असावे, एवढेच.

जपानहून निघायच्या आदल्या दिवशी नातवाने स्वतः रचलेले कोडे माझ्यापुढे ठेवले. वाचकांनीही सोडवून पाहावे. घरे दोन. किल्ली अशी: आजीच्या भाषेत दोन शब्द जोडतो, आईच्या भाषेत 'मी', शाळेच्या भाषेत थोरला भाऊ. 'न' आणि 'ण' एकच धरावेत, अशी तळटीपही त्यानेच घातली होती. माझे उत्तर मिनिटभरात आले: आणि.