‘इतर’ नावाचा रूळ

कर्जतहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या गाड्यांना मागून बँकर इंजिने लावतात, हे आपल्या परिचयाचे आहे. भोर घाटाचा चढच तसा आहे. ३७ फुटांना १ फूट. उतरणीवरची एक व्यवस्था मात्र सहसा ध्यानात येत नाही. घाटात मुख्य मार्गापासून फुटून चढावर जाणारे आणि तेथेच संपणारे काही रूळ आहेत. त्यांना कॅच सायडिंग म्हणतात. सांधा एरवी त्या आडमार्गाकडेच वळवलेला असतो. उतरणारी गाडी थांबली, ती ताब्यात आहे याची खात्री पटली, की मगच तो मुख्य मार्गाला जोडला जातो. ब्रेक निकामी झालेली गाडी आपसूक चढावर जाते आणि तेथे तिचा वेग मरतो.

संगणकशास्त्र शिकवणारे माझे एक सहकारी वेब सर्व्हिसविषयी बोलत होते, तेव्हा मला हा सांधा आठवला. सर्व्हरकडे ठरावीक कामांची यादी असते. यादीत नसलेल्या नावाने विनंती आली, तर तिचे काय करायचे? एक उपाय असा, की अशा सर्व विनंत्या एकाच डिफॉल्ट मेथडकडे वळवायच्या. सेवा कोलमडत नाही. ‘पण,’ ते म्हणाले, ‘तिथून ४०४ हा आकडा परत गेला पाहिजे. २०० गेला, तर मागणाऱ्याला वाटेल काम झाले.’ ४०४ म्हणजे मागितलेले सापडले नाही; २०० म्हणजे सारे यथास्थित.

साहित्याच्या माणसाला हा भेद तांत्रिक वाटू नये. खालापूर तालुक्यातील एका कातकरी वाडीवरून येणारी आमची विद्यार्थिनी एक ऑनलाइन अर्ज भरत होती. मातृभाषेच्या यादीत ‘कातकरी’ नव्हते. तिने ते नाव टंकले. प्रणालीने ते पुसून ‘इतर’ लिहिले आणि पुढे हिरवी खूण उमटवली. तिने विचारले, ‘सर, घरी आम्ही बोलतो ती भाषा इतर कशी?’ माझ्याजवळ उत्तर नव्हते.

‘इतर’ हा रकानाच नको, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. २०११ च्या जनगणनेत लोकांनी मातृभाषा म्हणून १९,५६९ नावे सांगितली. छाननीअंती त्यांतून १,३६९ मातृभाषा निश्चित झाल्या. १,४७४ नावांचे वर्गीकरण होऊ शकले नाही आणि ती ‘इतर’मध्ये गेली. या निर्णयावर वाद घालता येतो, कारण निदान किती नावे बाजूला गेली हे जनगणनेने सांगितले आहे. त्या अर्जाने मात्र काहीच शिल्लक ठेवले नाही. कुणी काय मागितले होते, याचा मागमूसही उरला नाही.

कॅच सायडिंगवर गेलेल्या गाडीला कुणी ‘कर्जत आले’ असे सांगत नाही. तिची नोंद होते, चौकशी होते, ती पुन्हा मार्गावर आणली जाते. आडमार्गाची नीती एवढीच आहे: सामावून घ्या, पण पोहोचल्याचे खोटे सांगू नका, आणि आलेल्याने जे नाव उच्चारले, ते जसेच्या तसे लिहून ठेवा. यादी उद्या वाढवायची झाली, तर ती त्या टिपणावरूनच वाढेल. बोलींच्या अभ्यासकाचे काम याहून निराळे नाही.