राग आला तेव्हा

कार्यालयात एका सहकाऱ्याने जातीवरून टोमणा मारला. तिथे मी गप्प बसलो. पांझरेचा पूल ओलांडून देवपूरला घरी आलो आणि पोरावर हात उगारला. बाबासाहेबांचा फोटो असलेल्या घरात!

पुढे एका समुपदेशक ताईंनी डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी समजावली. अमेरिकेतील मार्शा लिनेहन यांनी ती आत्महत्येकडे वळणाऱ्या स्त्रियांसाठी उभारली. तरुणपणी आपणही स्वतःला जखमा करून घेत होतो, हे त्यांनी २०११ साली जाहीर सांगितले. या उपचारातील सजगता त्यांनी झेन साधनेतून घेतली. आपल्या सतिपट्ठान सुत्तातही द्वेषाने भरलेले चित्त तसेच ओळखायला सांगितले आहे. वंदना म्हणणारे आम्ही ते विसरतो.

भडका उडाला की श्वास रोखून थंड पाण्यात तोंड बुडवायचे, नाडी मंदावते. (हृदयविकार असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.) ‘स्वीकार’ या शब्दावर मात्र मी भांडलो. अन्याय स्वीकारायचा?

ताई म्हणाल्या, “दादा, राग आलाय एवढं मान्य करा. अन्यायाचं काय करायचं ते नंतर शांतपणे ठरवा.”

त्या रात्री पोराची माफी मागितली. मग टोमण्याविरुद्ध लेखी तक्रार केली, तारीख-वेळेसह. पोच घेतली आहे. उत्तर अजून नाही.