आत्याचे खापर

रत्नागिरीस जाणाऱ्या प्रवाशाने काय काय पाहून यायचे, याची यादी आता ठरून गेली आहे. ब्रह्मदेशचा राजा थिबा १८८६ साली येथे बंदिवान म्हणून आला आणि १९१६ साली येथेच वारला. त्याचा १९१०च्या सुमाराचा राजवाडा. लोकमान्यांचे जन्मस्थान. १९३१ सालचे पतितपावन मंदिर. रत्नदुर्गावरची भगवती, मांडवीचा सूर्यास्त आणि परतीच्या पिशवीत आंबापोळी व कोकम. ही सारी स्थळे मीही पाहिली आहेत, आणि सोबत आलेल्या विद्यार्थ्यांना त्यांची माहितीही घसा कोरडा पडेपर्यंत सांगितली आहे. पण माझ्यापुरती रत्नागिरी म्हणजे भाट्याचा पूल ओलांडला की काही मैलांवर असलेले एक जांभ्या चिऱ्याचे घर, आणि त्या घरातही स्वयंपाकघराचा तो कोपरा, जिथे चुलीवरच्या शिंक्यात एक काळे कुळकुळीत खापर टांगलेले असे.

वडील गेल्यापासून आत्याची भाऊबीज त्यांच्या जागी मी करतो. सौ. मुलांना घेऊन साताऱ्याला आपल्या भावाकडे जाते आणि मी पाडव्याच्या रात्री पुण्याहून रत्नागिरीची एस. टी. धरतो. कोकण रेल्वे १९९८ साली सबंध सुरू झाली खरी. परंतु पुणेकराला तिच्यासाठी आधी मुंबईकडे तोंड करावे लागते. त्यापेक्षा कराड, मलकापूर, आंबा घाट ही वाट बरी. घाट उतरताना पहाटेचा गारठा अंगाला झोंबतो आणि साखरप्याला चहा प्यायला उतरावे तो हवा एकदम ओलसर, ओळखीची. पाली आणि हातखंबा मागे पडले की माझी झोप आपोआप उडते; पुढे खापरोळी आहे हे पोटाला कळलेले असते.

खापरोळी ज्यांनी खाल्ली नाही त्यांच्यासाठी सांगतो. तांदूळ, थोडी उडदाची डाळ, चिमूटभर मेथ्या आणि मूठभर पोहे भिजवून वाटायचे, रात्रभर आंबवायचे. सकाळी तापल्या खापरावर डाव ओतून झाकण ठेवायचे. उलटायचे नाही. खालून बदामी आणि वरून जाळीदार अशी ती जाड पोळी निघाली की गूळ-वेलदोडा घातलेल्या नारळाच्या रसात बुडवायची. बिडाच्या तव्यावरही ती होते, नाही असे नाही. पण मग तिला आत्या ‘तवोळी’ म्हणते, आणि ते म्हणताना तिचा ओठ किंचित मुरडतो.

खापर हे तिच्या सासूच्या सासूपासूनचे नव्हे, अशी कबुली आधी देऊन टाकतो. मातीचे भांडे इतके टिकत नाही. ते सासूने तिला घेऊन दिलेले, तिच्या लग्नानंतरच्या दुसऱ्या दिवाळीला. म्हणजे साठ वर्षे झाली. तीन बोटे उंचीचा काठ, तळ सपाट नाही आणि खोलही नाही. विकत आणले तेव्हा ते विटेसारखे तांबडे होते म्हणे. मी पाहिले ते सदैव काळे, आणि नुसते काळे नव्हे. शाळिग्रामासारखी त्याला चमक. ह्याच खापरात भाद्रपदात तवशाचे धोंडस होई: पिकल्या तवशाचा कीस, तांदळाचा रवा, गूळ आणि खोबरे हळदीच्या पानावर थापायचे, वर झाकणी, झाकणीवर निखारे, खाली मंद विस्तव. खालून आणि वरून अशी दोन्हीकडची धग बसली म्हणजे चुलीचीच भट्टी होते. केक हा शब्द कोकणात ज्यांनी ऐकलाही नव्हता, त्या बायका तो पिढ्यान्‌पिढ्या भाजत आल्या आहेत.

गेल्या दिवाळीला मी पोहोचलो तो आत्याचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये. न्हाणीत पाय घसरला होता. वय ब्याऐंशी. मुलगा ठाण्याला; त्याने निक्षून सांगितले होते की, तुळशीचे लग्न झाले की घर बंद आणि आईने ठाण्यास यायचे. आत्याने होकार दिला होता. तिने तो इतक्या सरळपणे दिला की मला जरा धडकीच भरली.

तरीही डाव्या हाताने तिने खापरोळ्या केल्या. मी रस काढला, सोडणाची शेंडी तेलात बुडवून खापराला पुसून दिली, निखारे ओढले. सात खापरोळ्या मी एकट्याने खाल्ल्या. संध्याकाळी ती देवळात गेली, आणि मला सत्कृत्य करण्याची उबळ आली.

म्हटले, बिचारीचा हात जायबंदी. भांडी आपण घासून टाकू. पितळेची घासली, स्टीलची घासली. मग खापर समोर आले. इतक्या वर्षांची काजळी! न्हाणीशी बसून मी साबणाची पूड टाकली, तारेचा चोथा घेतला आणि पाऊण तास राबलो. काळे पाणी वाहत होते आणि माझ्या अंगी उत्साह संचारत होता. अखेर तळाशी तांबूस माती दिसू लागली, तेव्हा एखाद्या उत्खननात प्राचीन वस्तू सापडावी तसा मला आनंद झाला. ते मी ओटीवर, दिव्याच्या उजेडात, सहज दिसेल असे ठेवले.

आत्या आली. तिने ते पाहिले. कंदिलाच्या काळापासूनची तिची सवय, वस्तू जवळ नेऊन वास घेऊन पाहायची. तिने वास घेतला.

“साबू लावलास?”

“हो. किती मळ होता, आत्या!”

“अरे बैला,” ती म्हणाली, “तो मळ नव्हता रे. तेच तर खापर होतं.”

यापलीकडे ती एक शब्द बोलली नाही, आणि जेवलीही नाही. मराठी शिकवणाऱ्या माणसाला ‘खापर फोडणे’ या वाक्प्रचाराचे दाखले पुष्कळ देता येतात. स्वतःच्याच माथी स्वतःच खापर घासण्याचा दाखला मात्र मी प्रथमच अनुभवत होतो. दुसऱ्या दिवशी उरलेल्या पिठाची एक खापरोळी मी चोरून घालून पाहिली. ती निघेना. कालथ्याने ओरबाडली तेव्हा तिचे चार तुकडे हाती आले, आणि तोंडात घातला तो धुतल्या सदऱ्याचा स्वाद!

असे का झाले, ते मला पुढे आमच्या महाविद्यालयातील रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी समजावून दिले. कुंभाराच्या उघड्या भट्टीची आच फार तर आठ-नऊशे अंशांपर्यंत जाते. तेवढ्या आचेत माती घट्ट होते, पण तिची छिद्रे बुजत नाहीत. लोणच्याची चिनी मातीची बरणी बाराशे अंशांच्या आसपास भाजलेली, वर काचेची झिलई. तिला काहीही लावा, आत शिरत नाही. खापर मात्र पाणी पिते, तेल पिते आणि साबणही पिते. आणि पुढच्या वेळी तापले की प्यालेले परत देते. तेलाचा पातळ हात पुन्हा पुन्हा तापला म्हणजे हवेतल्या प्राणवायूशी त्याचा संयोग होऊन त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि लाखेसारखा कठीण थर बसतो. बिडाच्या तव्यावर बसतो तोच हा. साठ वर्षांत बसलेला थर मी पाऊण तासात खरवडला होता. अलका कुबलांच्या चित्रपटातल्या खलनायकालाही इतके पातक इतक्या थोड्या वेळात साधत नसावे.

तिसऱ्या दिवशी सकाळी आत्या चुलीपाशी बसली आणि म्हणाली, “रजा किती आहे तुझी?”

“रविवारपर्यंत.”

“मग बस इथं. मी सांगते, तू कर.”

तेव्हापासून चार दिवस ती पाटावर आणि मी चुलीपुढे. प्रथम खापरात साधे पाणी भरून मंद विस्तवावर कढवायचे आणि ओतून द्यायचे. असे पाच वेळा, प्रत्येक वेळी वास घेऊन. साबणाचा वास जाईपर्यंत तेल दाखवायचे नाही. मग एक दिवस उन्हात. खापर ओले असताना जाळावर चढवले तर आत मुरलेल्या पाण्याची वाफ होते आणि ते तडकते. तापलेल्यावर गार पाणी पडले तरी तडकते. “माणसाचंही तसंच,” असे काहीतरी ती म्हणेल अशी मी वाट पाहिली. ती म्हणाली नाही. ती म्हणाली, “धूर डोळ्यात जातोय, लाकूड मागं ओढ.”

मग तांदळाची पेज. पेजेतली खळ छिद्रांत शिरते आणि तापून घट्ट होते. ही खालची चुनेगच्ची. पेज खापरातच खदखदू द्यायची आणि तिथेच निवू द्यायची. त्यानंतर तेल, आणि इथे माझा हात प्रत्येक वेळी चुकला. मला वाटे, जास्त तेल म्हणजे लवकर काम. आत्या म्हणे, “पुसलंस की नाही असं वाटलं पाहिजे.” जाड लावले की ते चिकट राहते, धूळ धरते आणि खवट होते. कापलेल्या कांद्याची फोड तेलात टेकवून फिरवायची, निखाऱ्यावर धूर सुटेपर्यंत तापवायचे, निवू द्यायचे, पुन्हा फिरवायचे. शनिवारपर्यंत मोजून अकरा हात झाले. तांबडे खापर आधी गव्हाळ झाले, मग चिंचोक्यासारखे.

या बसण्यात आत्या पुष्कळ बोलली. नवे खापर घेताना ते बोटाच्या पेराने वाजवून पाहावे. टण्ण वाजले तर घ्यावे, बद्द वाजले तर कुठे तरी केसाएवढी भेग आहे. कुंभार स्वयंपाकाच्या भांड्याच्या मातीत वाळू कालवतो, ती का? तर आच सोसावी म्हणून; पाण्याच्या माठाची माती निराळी. रोजच्या वापरात खापर धुवायचेच नाही, कोमट असताना सोडणाच्या शेंडीने पुसायचे. काही चिकटलेच तर जाडे मीठ, फार तर चुलीची राख आणि ऊन पाणी. पावसाळ्यात मात्र फडताळात कोंडायचे नाही, बुरशी धरते. चुलीवरच्या शिंक्यात धूर लागेल असे टांगायचे. हे सारे तिने सुनेला का सांगितले नाही, असे मी विचारले. “तिच्याकडे गॅस. तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. तूही विचारलं नव्हतंस. तू घासलंस म्हणून सांगत्ये.”

तिची नात अमेरिकेत असते. तिच्याजवळ पाव भाजण्याचे, दगडासारख्या कठीण मातीचे पण बिनझिलईचे एक तबक आहे. तिने दूरध्वनीवर सांगितले की, त्या तबकासोबत आलेल्या सूचनापत्रात नेमके हेच छापलेले आहे: साबण लावू नये, खरवडून ऊन पाण्याने धुवावे, पूर्ण वाळवावे, काळे पडेल, ते काळेपण चांगले समजावे. आत्याने हे लक्षपूर्वक ऐकले आणि म्हणाली, “म्हणजे तिकडेही सासवा असतात म्हणायच्या.”

मला मांडे भाजायला निघालेल्या मुक्ताबाईची कथा आठवली. विसोबाने तिला कुंभाराकडून खापर मिळू दिले नाही आणि ज्ञानदेवांनी आपली पाठ तापवली. वर्गात ही कथा सांगताना मी नेहमी त्या पाठीवर भर देत आलो. गावातल्या एका माणसाच्या धाकाने एका मुलीला भाजायला भांडे मिळत नाही, ही अडचण काय असते याकडे मी लक्षच दिले नव्हते. खानदेशात आजही उपड्या खापरावर मांडे होतात. ज्या घरी ते तडकते त्या घरी सुतकी कळा येते, असे तिकडची एक विद्यार्थिनी म्हणाली होती. तेव्हा मी हसलो होतो.

रविवारी सकाळी पीठ आंबले. पहिली खापरोळी चिकटली, ती गोठ्यात. पहिली नेहमी गाईची, असा त्या घरचा रिवाज. दुसरी फाटली. तिसरीचा काठ सुटला, पण मध्य धरून राहिला. आत्या पाटावरून हलली नाही. पाचवी घातली, झाकण ठेवले, आणि झाकण काढल्यावर ती कालथा लागण्याआधीच आपल्या जागी सरकली. आत्याने डावा हात पुढे करून तिचा तुकडा मोडला, वास घेतला आणि खाल्ला. “अजून एक वर्ष लागेल,” ती म्हणाली.

संध्याकाळच्या गाडीला निघालो तेव्हा तिने एका जुन्या लुगड्यात भाताचा पेंढा भरून खापर त्यात बांधले आणि माझ्या हाती दिले. ठाण्याच्या घरात ठेवायला जागा नाही, म्हणाली. मी नाही म्हणायला हवे होते की काय, हे मला अजून ठरवता आलेले नाही. रात्रभर मी ते मांडीवर घेऊन बसलो. वाहकाने आत काय आहे म्हणून विचारले. मी खापर म्हटल्यावर त्याने माझ्या चेहऱ्याकडे निरखून पाहिले आणि पुढचे तिकीट फाडले.

गॅसची ज्योत खापराच्या मध्यावर एकाच जागी लागते, ते त्याला मानवत नाही; म्हणून आम्ही खाली लोखंडी तवा ठेवतो आणि आच वाढवायची घाई करत नाही. सौ.ने मोरीवर सूचना लिहून लावली आहे, आणि ती कामवाल्या बाईंसाठी नसून माझ्यासाठी आहे. संक्रांतीला प्रथमच खापरोळ्या नीट उतरल्या. मी लगेच ठाण्याला दूरध्वनी केला. आत्याने रसाचे प्रमाण विचारले, आचेचे विचारले, मग थांबून म्हणाली,

“आणि पहिली कुणाला घातलीस? तिथं गाय कुठली?”

“गाय नाही ना आत्या. मीच खाल्ली.”

“हां,” पलीकडून आवाज आला, “बैलाला घातलीस तरी चालतं.”