वकिलाचा एक शब्द

कात्रजच्या तलावाच्या बांधावर आम्ही वर्षातून एकदा तरी जातो. नानासाहेब पेशव्यांनी बांधविलेल्या या तलावाचे पाणी भुयारी नळाने पुण्याच्या हौदांत येई, हे आम्ही विद्यार्थ्यांस सांगतो. तेथे जाण्याचे खरे कारण मात्र सांगत नाही.

याच गावच्या शिवारात आमच्या वडिलांची व काकांची सामाईक विहीर होती. पाण्याच्या पाळीवरून दोघांत वितुष्ट आले, तेव्हा आम्ही नुकतेच पदवीधर झालो होतो. शिकलेला म्हणून मध्यस्थी आमच्याकडे आली. पाळीचा हिशेब दादांनी स्वतः येऊन समजावून द्यावा, असे काका म्हणाले. आम्ही घरी येऊन सांगितले, "दादांनी माझ्या दारात येऊन हिशेब द्यावा, असे काका म्हणतात." 'दारात' हा शब्द आमचा. त्या शब्दावर दोघे भाऊ अकरा वर्षे बोलले नाहीत.

पुढे ग्रँट डफच्या इतिहासात आम्हांस गोविंदराव काळे भेटले. हैदराबादेस निजामाच्या दरबारी ते पेशव्यांचे वकील होते. (वकील म्हणजे राजदूत, कोर्टातला नव्हे.) चौथाईच्या थकबाकीवरून दोन्ही दरबारांत तेढ वाढत होती. नाना फडणीसांनी स्वतः येऊन हिशेब समजावून द्यावा, असे निजामाचा दिवाण मुशीरुल्मुल्क भर दरबारात म्हणाला. नाना कामात आहेत, कसे येतील, असे गोविंदरावांनी उत्तर दिले. त्यावर, त्यांना कसे आणावयाचे ते दाखवितो, अशी धमकी मिळाली. येथे आम्ही पुस्तक मिटून ठेविले.

हे वाक्य पुण्यास कळवावयाचे कसे? सौम्य केले तर नाना गाफील राहणार. तिखट केले तर लढाईचे पातक आपल्या लेखणीवर. शिवाय फ्रेंच सरदार रेमंडच्या कवायती पलटणी निजामाच्या पदरी होत्या. धमकीमागे किती बळ आहे, हेही वकिलानेच पाहून लिहावयाचे. परक्या राजधानीत राहणाऱ्या माणसावर यजमानाचा संशय असतोच. तो तेथे फार रुळला तर धन्यासही शंका येते. आम्हांस यातले काहीच सोसावे लागले नव्हते. काकांचा आवाज कसा होता, एवढे नीट सांगावयाचे होते.

११ मार्च १७९५ रोजी खर्ड्यास लढाई झाली. इंग्रजांचा गव्हर्नर-जनरल सर जॉन शोअर तटस्थ राहिला. निजाम खर्ड्याच्या किल्ल्यात कोंडला गेला व तहात मुशीरुल्मुल्क मराठ्यांच्या स्वाधीन झाला. नानांस आणावयास निघालेला दिवाण स्वतःच पुण्यास आणला गेला! विद्यार्थी येथे हसतात. परंतु त्याच वर्षी सवाई माधवराव वारले, पुण्यात गादीचे भांडण लागले, आणि या कैद्याने त्या भांडणातून आपली सुटका व खर्ड्यास गमावलेले बरेचसे पदरात पाडून घेतले. असो.

दादांस आम्ही तो शब्द शेवटपर्यंत सांगितला नाही. गेल्या पावसाळ्यात बांधावर चुलतभाऊ भेटला. बोलता बोलता तो म्हणाला, "त्या संध्याकाळी बाबांनी आईला चहाचे आधण ठेवायला सांगितले होते. दादाकाका येतील म्हणून."

मग आम्ही त्याला तो शब्द सांगितला. तो बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिला, आणि आपली विहीर आता नेमकी कोणत्या इमारतीखाली गेली असेल, असे त्याने विचारले.