पदकाच्या कडेवरचं नाव

नावं विकायला ठेवलीत. मुंबईच्या चोरबाजारात, मटण स्ट्रीटच्या जुन्या वस्तूंच्या दुकानांत, पितळी भोंगे नि बंद घड्याळांच्या मधी शिपायांची पदकं लोंबत असतात. सुट्टीला मी जातो. घेत काय नाय. कडा वाचतो, नि वहीत उतरवतो.

1914-18 च्या लढाईचं ब्रिटिश वॉर मेडल घ्या. एका अंगाला पाचवा जॉर्ज, दुसऱ्या अंगाला घोड्यावरचा नागडा गडी. नि ज्यानं चिखल तुडवला त्याचा नंबर, हुद्दा, नाव, पलटण कडेवर कोरलेली. कडेची आपल्याला सवयच. गावाच्याबी कडेलाच होतो.

धातूलाबी जात असती. लढणाऱ्याला चांदीचं पदक. ओझी वाहणाऱ्या मजूर-तुकड्यांना तेच, पण काशाचं. आज काशाचं कमी मिळतं म्हणून शौकीन लोक त्याला जास्त भाव देतात. माणूस जिता होता तवा हलका, मेल्यावर भारी!

माझ्या आज्ज्याचा बाप 111 व्या महार पलटणीत होता. सरकारनं ती 1917 ला उभी केली नि 1921 ला मोडली. गरज सरली. 1941 ला दुसऱ्या लढाईत पुन्हा गरज लागली, तवा महार रेजिमेंट उभी राहिली. आज्जी सांगायची, त्याचं पदक 1972 च्या दुष्काळात सोनाराकडं गेलं. सोनारानं चांदी तोलली. नावाला वजन नसतं.

एका दुकानात त्याच काचेखाली हिटलरचा बिल्ला दिसला. म्हणलं, "चाचा, ह्यो कशाला?" म्हणाला, "बिकता है, बेटा." जर्मनीत हे चिन्ह जाहीर मिरवणं गुन्हा आहे. इथं मारणाऱ्याचा बिल्ला नि मरणाऱ्याचं पदक एकाच मखमलीवर. असल्या बिल्ल्यांत नकली मालबी लई असतो. म्हंजे द्वेषाला एवढी मागणी की कारखाना काढावा लागला.

आपल्याकडं 1972 चा पुरावस्तू कायदा आहे. शंभर वर्षांवरची वस्तू खासगी माणसाला परदेशी नेता येत नाही. ठीक. पण झोपडीतनं बाजारात जाताना तिला कोण अडवणार?

कोरेगावची लढाई 1 जानेवारी 1818 ची. तिची पट्टी असलेलं पदक मंजूर झालं 1851 ला, नि तेबी तोवर जगलेल्यांनाच. मेलेल्यांच्या वाट्याला खांब आला. त्यावर 'नाक' लागलेली आपली नावं आहेत. 1 जानेवारी 1927 ला बाबासाहेब तिथं गेले नि ती नावं पुन्हा बोलायला लागली. खांब कुणाला तोळ्यावर विकता आला नाही, म्हणून ती राहिली.

विकू नका, असं मी कोण सांगणार? भूक खरी असती. पण पेटीत असं काय असंल तर सोनाराच्या तराजूआधी लेकराच्या हातात द्या. त्याला कड वाचू द्या. मोठ्यानं.