काय होतंय ते सांगा

छोटी गाडी माणूस स्वतःसाठी घेतो आणि मोठी गाडी नातेवाइकांसाठी. मोठी म्हणजे ती उंच, रुंद खांद्यांची, सात माणसं बसतात असं कागदावर लिहिलेली. जाहिरातवाले तिला एसयूव्ही म्हणतात. आमच्या घरात तिला नुसतं 'मोठी' म्हणतात. त्यामुळे नवख्या पाहुण्यांचा फार घोटाळा होतो. 'मोठी सकाळपासून कुरकुरतेय', 'मोठीला थंडीत उठायला वेळ लागतो', 'मोठीवर यंदा फार खर्च झाला' अशी वाक्यं आमच्या दिवाणखान्यात मोकळेपणानं बोलली जातात, आणि पाहुणे चहाचा कप हातात धरून स्वयंपाकघराकडे, आमच्या सौभाग्यवतींच्या दिशेनं, सहानुभूतीनं पाहू लागतात.

मोठ्या गाडीचं कौतुक आपल्याकडे नवं नाही. १९९४ साली टाटांची सुमो आली, तेव्हा तिचा देह पाहून हे नाव जपानी पहिलवानांवरून ठेवलं असणार अशी सगळ्यांची खात्री झाली होती. प्रत्यक्षात ते सुमंत मूळगावकरांच्या नाव-आडनावाच्या पहिल्या इंग्रजी अक्षरांवरून घेतलेलं. एक मराठी माणूस असा गावोगाव पोचला. वडापच्या जीपगाडीत चौदा माणसं, दोन कोंबड्या आणि एक नवरदेव बसलेला ज्यानं पाहिला आहे, त्याला सातजणांची गाडी म्हणजे निव्वळ उधळपट्टीच वाटते. आमच्या आत्याबाई तर गाडीत शिरल्यावर अजूनही विचारतात, ''एवढी मोकळी का? बाकीचे कुठं राहिले?''

मात्र सात माणसांच्या गाडीचा एक तोटा आहे. बिघाड एकच होतो, पण निदानं सात होतात.

समजा, गाडीतून आवाज येऊ लागला. हा आवाज प्रत्येकाला वेगळा ऐकू येतो. सौभाग्यवतींना तो मिक्सरचं भांडं नीट न बसल्यासारखा वाटतो. चिरंजीव यूट्यूबवर पंजाबातल्या कुठल्याशा सरदारजींचा व्हिडिओ पाहून 'गिअरबॉक्स गेला' असं जाहीर करतात. आमचे वडील, म्हणजे अण्णा, कोर्टातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. ते आवाजाकडे दुर्लक्ष करून 'गॅरंटीची मुदत कधी संपते' एवढंच विचारतात. मेहुणे गाडी विकायला सांगतात. त्यांना ती स्वतःलाच हवी आहे, हा तपशील ते सांगत नाहीत. आई काही बोलत नाही. ती बोलतच नाही कधी. 'होईल की बरं,' एवढंच म्हणते. ती हे गाडीबद्दल म्हणते, देशाबद्दल म्हणते आणि स्वतःबद्दलही म्हणते.

अशी सातही निदानं घेऊन आम्ही उद्यमनगरातल्या आमच्या मिस्त्रींकडे जातो. कोल्हापूरचं उद्यमनगर म्हणजे लोखंडाला बोलतं करणारी वस्ती. मिस्त्रींचं वय साठीच्या पुढं, चष्म्याची एक काडी तारेनं बांधलेली, आणि हातात नेहमी तेरा-चौदाचा पाना. टेबलावर चहा आला तरी पाना खाली ठेवत नाहीत. पहिल्या भेटीत मी आमच्या घरातला सगळा अहवाल सादर केला. गिअरबॉक्सपासून सुरुवात केली. त्यांनी पाना वर करून मला थांबवलं.

''साहेब, काय झालंय ते सांगू नका. काय होतंय ते सांगा. काय झालंय ते बघायचं माझ्याकडं लागलं.''

हे वाक्य मी घरात फ्रेम करून लावायला हवं, असं सौभाग्यवतींचं मत पडलं.

मिस्त्रींची पद्धत उलटतपासणीची. आवाज गाडी थंड असताना येतो की तापल्यावर? सरळ जाताना की वळताना? ब्रेक दाबल्यावर की खड्ड्यात? उत्तराबरोबर रोग निम्मा पकडला जातो. वळताना चाकापाशी कट्‌कट् होत असेल तर एक्सलचं रबरी बूट फाटून आतलं ग्रीस गेलेलं असतं. ऐंशी-नव्वदच्या वेगाला स्टेअरिंग थरथरत असेल तर बहुतेक वेळा चाकाचं बॅलन्सिंग. गाडी एका बाजूला ओढत असेल तर आधी हवा बघायची, मग अलाइनमेंटवर पैसे घालायचे. ब्रेकमधून चिर्रर्र असा बारीक, अंगावर काटा आणणारा सूर निघाला तर तो पुष्कळदा बिघाडच नसतो. पॅड झिजत आलं की डिस्कला घासावी म्हणून कारखान्यानंच मुद्दाम बसवलेली एक पत्र्याची जीभ असते. ती बिचारी ओरडून सांगते, 'मी संपत आले.' आपण रेडिओ मोठा करतो.

आमचा आवाज मात्र यांपैकी कुठल्याच वर्गात बसेना. तो उतारावर पुढे जायचा आणि चढावर मागे यायचा. मिस्त्रींनी गाडीखाली जाऊन बुश पाहिले, शॉकॲब्सॉर्बर हलवून पाहिले. मग एकदम बाहेर आले, मागची सीट आडवी केली, जॅक ठेवायच्या खणाचं झाकण उचललं आणि आतून एक नारळ काढून माझ्या हातात दिला. नरसोबाच्या वाडीचा प्रसाद होता. दीड महिना तो आमच्याबरोबर प्रवास करत होता. ''गिअरबॉक्स,'' मिस्त्री चिरंजिवांकडे पाहून म्हणाले.

आता आवाजाचं एकवेळ ठीक आहे, पण हल्लीच्या गाड्या लेखी तक्रारही करतात. समोर एक पिवळा दिवा लागतो, इंजिनाच्या आकाराचा. स्टेअरिंगच्या खाली सोळा छिद्रांचं एक सॉकेट असतं. त्यात यंत्र खुपसलं की गाडी आपला गुन्हा आकड्यांत सांगते. अमेरिकेनं १९९६ पासून नव्या मोटारींना ही व्यवस्था सक्तीची केली. आपल्याकडे ती २०१० नंतर टप्प्याटप्प्यानं आली. आमच्या गाडीचा दिवा लागला आणि आकडा निघाला : पी ०४२०.

''चारशे वीस!'' अण्णा खुर्चीतून उठलेच. चाळीस वर्षं ज्या कलमाच्या फायली बांधल्या, तेच कलम घरच्या गाडीवर लागलं होतं. मग त्यांना आठवलं, की १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता गेली, न्याय संहिता आली आणि फसवणूक ३१८ व्या कलमात जाऊन बसली. ''गाडीला अजून कोणी कळवलेलं दिसत नाही,'' ते म्हणाले.

फसवणुकीचा संशय अगदीच अनाठायी नव्हता. या आकड्याचा अर्थ असा, की धूर शुद्ध करणारं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नावाचं भांडं पुरेसं काम करत नाही. या भांड्यात प्लॅटिनम, पॅलॅडियम आणि ऱ्होडियम अशा धातूंचा अगदी पातळ मुलामा असतो. म्हणजे आपण सायलेन्सरमध्ये दागिने घालून हिंडत असतो. एका चकचकीत सर्व्हिस सेंटरात टाय लावलेल्या तरुणानं आकडा वाचला आणि नवं भांडं बसवायची पाच आकडी रक्कम सांगितली. तेवढ्यात आमच्याकडे एक मुंज होऊ शकली असती.

मिस्त्रींनी आकडा ऐकला आणि नेहमीचाच प्रश्न विचारला, ''पण होतंय काय?'' सकाळी गाडी थंड असताना पुढून फट्‌फट् असा बारीक आवाज येतो आणि तापली की थांबतो, असं मी सांगितलं. ते बॅटरी घेऊन खाली शिरले. पाइपाच्या जोडावर काजळीची एक काळी रेघ होती. पॅकिंग जळून फट पडली होती. भांड्याच्या पुढे एक आणि मागे एक असे ऑक्सिजन मोजणारे दोन सेन्सर असतात. फटीतून बाहेरची हवा आत शिरते, सेन्सर ती हवा मोजतो आणि निरपराध भांड्यावर आरोप ठेवतो. तीनशे रुपयांचं पॅकिंग, अधिक चहा. दिवा गेला तो अजून लागलेला नाही.

''दिवा खोटं बोलत नाही, साहेब,'' मिस्त्री म्हणाले. ''पण त्याला दुखतंय एवढंच कळतं. कुठनं दुखतंय ते आपण बघायचं.''

पावसाळ्यात उंदरांनी इंजिनावर ऊब धरून वायरिंग खाल्लं, अण्णांनी बॉनेटखाली तंबाखूची पानं ठेवली आणि उंदरांनी तीही खाल्ली, हा सगळा इतिहास मी गाळतो. कारण मला गेल्या मे महिन्यातल्या आंबा घाटाकडे यायचं आहे.

रत्नागिरीकडून परतत होतो. गाडीत आम्ही सातजण, हापूसच्या चार पेट्या आणि दोन फणस. फणसांनी पट्टे लावले नव्हते, बाकी सगळ्यांनी लावले होते. साखरपा मागे पडलं, चढ सुरू झाला आणि तापमानाचा काटा वर निघाला. सपाट रस्त्यावर धावताना समोरचा वाराच रेडिएटर थंड करतो. घाटात वेग पडतो, वारा पडतो आणि सगळा भार पंख्यावर येतो. मी एसी बंद केला, काचा उघडल्या आणि हीटर पुरा सोडला.

मे महिन्यात, भर दुपारी, कोकणात हीटर! मागून अनेक मतं आली, त्यांत माझ्या मनःस्थितीविषयीही एक होतं. पण हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच. इंजिनाची उष्णता तो ओढून घेतो. दुर्दैव एवढंच, की ती आपल्या अंगावर सोडतो. गाडीला रुंद जागा मिळेपर्यंत आम्ही सातजण आणि दोन फणस पिकत होतो.

गाडी थांबवली, बंद केली, बॉनेट उघडलं. मेहुणे बाटली घेऊन रेडिएटरचं टोपण उघडायला धावले; त्यांना दोघांनी धरलं. गरम टोपणाला हात लावायचा नसतो. आत दाब असतो, त्या दाबामुळे पाणी शंभर अंशांच्या वरही उकळत नाही. टोपण फिरवताच ते सगळं एकदम तोंडावर येतं. अर्धा तास गेला. रेंज मिळाल्यावर मिस्त्रींना फोन लावला. 'काय होतंय' याच्या पुढे मी एक अक्षर बोललो नाही.

''गाडी चालू करा, एसी लावा. पंखा फिरतोय?''

''नाही.''

''डब्यातलं पाणी?''

''खुणेपर्यंत आहे.''

''मग काळी डबी उघडा. झाकणावर चित्र आहे. पंख्याचा रिले काढा, हॉर्नचा काढून त्याच्या जागी लावा. तुमच्या गाडीत दोन्ही एकाच मापाचे आहेत.''

लावला. पंखा घर्रर्र करून फिरला. सात माणसांनी टाळ्या वाजवल्या. आता पंखा होता आणि हॉर्न नव्हता. महाराष्ट्रात घाट चढायचा आणि हॉर्न नाही, म्हणजे वरातीत बँड नाही. पण प्रत्येक वळणावर अण्णांनी खिडकीतून तोंड काढून, चाळीस वर्षं ऐकलेला कोर्टाचा पुकारा दिला. एका ट्रकवाल्यानं तर गाडी बाजूला घेऊन कागदपत्रंही काढली.

काटा खाली आला. आता हीटर बंद करावा म्हणून मी हात पुढे केला, तर शेजारी बसलेली आई म्हणाली, ''राहू दे रे थोडा वेळ. गुडघ्याला शेक बरा बसतोय.''

''कुठल्या गुडघ्याला?''

''दोन्ही की. होईल बरं.''

गाडी एकदम गप्प झाली. इंजिनाला, ब्रेकला, धुराला, टायरमधल्या हवेलासुद्धा तिथं दिवा होता. आईनं मात्र दोन वर्षं कोणाला काही लागू दिलं नव्हतं. देवळाच्या पायऱ्यांपाशी 'तुम्ही या जाऊन, मी चपला सांभाळते' म्हणायची, ते आम्ही सगळे तिच्या वैराग्याच्या खात्यावर जमा करत होतो.

दुसऱ्या आठवड्यात तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं : सकाळी उठल्यावर दुखतो की चालल्यावर? जिना चढताना की उतरताना? आवाज येतो का? मी घराचा अहवाल सादर करायला तोंड उघडलं, तेवढ्यात आईच म्हणाली, ''तू थांब. काय होतंय ते मी सांगते.'' आणि तिनं पाऊण तास सांगितलं. डॉक्टर कूर्चा झिजल्याचं म्हणाले; ऑपरेशनची घाई नाही, रोज मांडीचा व्यायाम करा, चालणं सोडू नका.

नवा रिले बसवायला गेलो तेव्हा हे मी मिस्त्रींना सांगितलं. त्यांनी पाना हातातच ठेवून विचार केला.

''म्हणजे बुश झिजलेत,'' ते म्हणाले. ''लगेच बदलायचं नसतं. पण गाडी उभी करून ठेवायची नाही बघा.'' मग पहिल्यांदाच त्यांनी पाना खाली ठेवला. ''आईसाहेबांना सांगा, पुढची सीट जरा वर घेऊन देतो. उतरताना सोपं पडंल. त्याचं बिल नाही.''