मीटर पिशवीतच राहिलं

"बोर्ड गेलाय काकू. नवा टाकावा लागेल, साडेनऊ हजार." एसीचं झाकण पुरतं न उघडता दुरुस्तीला आलेल्या मुलानं हे सांगून टाकलं, त्याचा राग अजून जात नाही. पिशवीत मीटर होतं, मला दिसत होतं. ते त्यानं बाहेर काढलंच नाही.

विश्रामबागेत आमचं घर वरच्या मजल्यावर. सांगलीचा एप्रिल, त्यात सासूबाईंना दमा, म्हणून एसी घेतलेला. तो 24 वर ठेवला की नुसता पंखा फिरायचा, कॉम्प्रेसर सुरूच व्हायचा नाही. 16 वर आणला की थोडा वेळ चालून बंद पडायचा. बोर्ड गेला असेल तर 16 वर तरी कसा चालतो, असं मी विचारलं. "या मॉडेलला असंच होतं," एवढंच उत्तर. पावतीवर 'पीसीबी खराब' लिहिलं, तपासणीचे पैसे घेतले आणि गेला. रात्रभर सासूबाई उशाशी पंप घेऊन बसून होत्या.

साताऱ्याचे भाऊजी हेच काम करतात. फोनवर ऐकताच म्हणाले, "वहिनी, बोर्डाला हात लावू देऊ नका. सेन्सर बघू आधी." रविवारी पेठनाक्यावरून आले. एमसीबी पाडला आणि जाळीमागचा मिरीएवढा सेन्सर, म्हणजे थर्मिस्टर, सोडवला. खोली गरम झाली की त्याचा रोध कमी होतो, त्यावरूनच बोर्डाला तापमान कळतं. आमचा 25 अंशांना 10 किलोओहमचा. खोलीत तेव्हा 32 अंश होते, म्हणजे साडेसातच्या आसपास आकडा हवा. मीटर चौदाच्या वर दाखवत होतं. म्हणजे बोर्डाला वाटत होतं, खोलीत 17 अंश आहेत! मग 24 वर कॉम्प्रेसर कशाला सुरू करेल तो? बोर्ड बिचारा बरोबरच वागत होता.

नवा सेन्सर दीडशे रुपयांना मिळाला. भाऊजींनी तो आधी बर्फाच्या पाण्यात धरला, आकडा तीसच्या वर गेला. मुठीत धरल्यावर भराभर उतरला. मगच बसवला.

2020 पासून नवा एसी 24 अंशांवरच सुरू झाला पाहिजे असा नियम आहे. वीज वाचते, चांगलंच आहे. पण सेन्सरच चुकीचं सांगत असेल तर त्या 24 ला काही अर्थ उरत नाही.

भाऊजी म्हणाले, उन्हाळ्यात या पोरांना दिवसभर एकामागून एक कॉल असतात, थांबायला वेळ नसतो. ते ऐकून त्या मुलाबद्दल वाईट वाटलं, सगळा दोष त्याच्यावर टाकू नये असं वाटलं. पण मीटर लावायला लागतात दोन मिनिटं, आणि आमच्याकडे दम्याचं माणूस होतं. नाही, तो चुकलाच.

एसी स्वतः उघडू नका. इन्व्हर्टर एसीच्या कपॅसिटरमध्ये वीज बंद केल्यावरही विद्युतदाब राहतो. पण कुणी 'बोर्ड गेला' म्हणालं, तर दोन्ही सेन्सर, खोलीचा आणि कॉइलचा, आपल्यासमोर मोजायला लावा आणि आकडा पावतीवर लिहून घ्या. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे.